आरोग्यसेवेतील माणूस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात महादेवपुरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी एका निवृत्त डॉक्टरला बोलावयास उभे करणे, हे धाडसच म्हणावयास हवे. डॉक्टरच्या तोंडून आजाराखेरीज दुसरे काय निघणार! तरीही कार्यकारिणीने हा मान मला दिला, याबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे.

परमुलखात राहणाऱ्या माणसाला घरची आठवण दोन प्रसंगी हटकून होते : सणावाराला आणि आजारपणात. सणावाराची उणीव आपल्या मंडळाने पन्नास वर्षे भरून काढली. कोणी विमानांच्या कारखान्यात, कोणी टेलिफोनच्या कारखान्यात, आणि अलीकडे संगणकाच्या कचेऱ्यांत नोकरीसाठी आलेल्या आपल्या माणसांना येथे गणपती मिळाला, दिवाळी अंक मिळाले, पुरणपोळीही मिळाली. परंतु मध्यरात्री घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या छातीत कळ आली, तर परक्या भाषेच्या या नगरीत आपण कोणाच्या स्वाधीन होतो, आणि ज्यांच्या स्वाधीन होतो त्यांची स्वतःची अवस्था काय असते, या प्रश्नाचा विचार आपण क्वचितच करतो. आज त्याचाच विचार आपल्यासमवेत करावा, असे मी योजिले आहे.

महादेवपुऱ्याइतकी या विचाराला योग्य जागा दुसरी शोधूनही सापडणार नाही. येथून व्हाइटफील्डच्या दिशेने निघावे, तो काचेच्या भिंतींची मोठमोठी रुग्णालये दिसू लागतात. त्याच वाटेवर, जेथे बिलाची खिडकीच नाही असे सत्यसाई संस्थेचे रुग्णालय २००१ पासून उभे आहे. आणि त्याच परिसरात, ज्या उंच इमारतींत आपण राहतो त्या बांधण्यासाठी यादगीर-रायचूरहून, ओरिसा-बिहारहून आलेले मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांचे मूल तापाने फणफणले, तर काचेच्या भिंती त्यांच्या कामाच्या नसतात. २०२२ च्या डिसेंबरात कर्नाटक सरकारने शहरी वस्त्यांसाठी 'नम्म क्लिनिक' ही योजना सुरू केली, ती अशांसाठी. म्हणजे एका कोसाच्या आत भारतीय आरोग्यव्यवस्थेचे सर्व नमुने आपल्याला पाहावयास मिळतात. प्रश्न एवढाच, की या तुकड्यांची मिळून एक राष्ट्रीय व्यवस्था कधी व्हावयाची, आणि व्हावयाची तर तिचा पाया कशाचा असावा?

या आशेला आता ऐंशी वर्षे होत आली. स्वातंत्र्यापूर्वीच, १९४३ साली, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली आणि १९४६ साली तिने आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही नागरिक पुरेशा वैद्यकीय सेवेला मुकू नये, हे तिचे मूलसूत्र होते. प्रारंभी दर चाळीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, अशी तिची शिफारस होती. आज सपाट प्रदेशात तीस हजारांना आणि डोंगराळ व आदिवासी भागांत वीस हजारांना एक केंद्र, असे प्रमाण कागदावर मान्य झाले आहे. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा आला; येथील कारखान्यांत आयुष्य वेचलेल्या कित्येकांना त्याचा अनुभव असेल. २०१८ साली केंद्र सरकारने गरीब कुटुंबांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची योजना आणली, आणि २०२४ मध्ये सत्तरी गाठलेल्या सर्वच नागरिकांना तिची दारे खुली झाली. आपले गाव सोडून परराज्यात राहणाऱ्यालाही सहभागी रुग्णालयात तिचा लाभ घेता येतो, ही आपल्यासारख्यांना विशेष मोलाची गोष्ट.

हे सर्व पुढे पडलेले पाऊल आहे, हे कृतज्ञतेने मान्य करू. मात्र या योजनेचा भर रुग्णालयात दाखल झालेल्या माणसावर आहे. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाची तपासणी, लेकराचा खोकला, हा घराघरांतील खर्च तिच्या कक्षेबाहेर राहतो. आणि सरकारी तिजोरीतून आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के खर्च २०२५ पर्यंत व्हावा, हे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरविलेले उद्दिष्ट गाठले गेलेले नाही. पैसा हवा, खाटा हव्यात, डॉक्टर हवेत, याविषयी दुमत नाही.

तथापि या सर्वांच्या आधी येणाऱ्या एका गोष्टीकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. ती गोष्ट म्हणजे वागणूक. आरोग्यव्यवस्थेत काम करणारी माणसे एकमेकांशी जशी वागतात, तशीच ती अखेर रुग्णाशी वागतात. वरिष्ठाने कनिष्ठाला दिलेला शब्द, मान वा अपमान पायरीपायरीने खाली उतरतो आणि शेवटी खाटेवरच्या माणसापाशी येऊन थांबतो. हे माझे नुसते मत नव्हे. आपल्याच इतिहासात त्याचे दाखले आहेत.

पहिला दाखला प्लेगचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या प्रारंभी तो पुण्यात पसरला. सरकारने रँडसाहेबाला प्लेग समितीचा प्रमुख नेमले आणि घरांच्या झडतीसाठी गोरे सोजीर रस्त्यांवर उतरविले. वैद्यकीयदृष्ट्या पाहिले, तर रोग्याला वेगळे ठेवणे आणि घर स्वच्छ करणे यांत गैर काही नव्हते. पण सोजीर देवघरात शिरले, बायामाणसांची अप्रतिष्ठा झाली, सामानसुमान रस्त्यावर आले. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. जो उपाय रोग थांबविण्यासाठी योजला, त्याच्याच भयाने रोगाला आसरा मिळाला. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकलो.

त्याच साथीत, त्याच पुण्यात, दुसरे एक चित्र होते. सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्यासह हडपसरनजीक ससाणे यांच्या मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे आणले, आणि त्याच सेवेत संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या दवाखान्यापासून कोणाला रोगी लपवावा लागला नाही. रोग तोच होता आणि शहरही तेच. फरक होता तो वागणुकीचा.

पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, हा प्लेग आपल्या या बंगळुरात आला. दाटीवाटीच्या पेठा सोडून मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या मोकळ्या वसाहती वसल्या त्या याच काळात, आणि १९०० साली व्हिक्टोरिया रुग्णालय सुरू झाले. साथ ओसरल्यावर शहराने रस्ते रुंद केले, इमारती बांधल्या. संकटानंतर वीट आणि चुना लवकर सुधारतो. मनुष्यस्वभाव मात्र सुधारावयास वेळ लागतो.

दुसरा दाखला क्षयरोगाचा, आणि तो बंगळूरच्या अगदी जवळचा. क्षयाचे नाव काढले की आपल्याला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन त्या परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठेवलेली होती. पण क्षयाने त्यांना ती स्वीकारू दिली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या गेल्या.

त्या काळी औषधच नव्हते. पुढे औषध आले, आणि १९५९ साली मद्रासच्या संशोधकांनी दाखवून दिले, की घरी राहून औषध घेणारा क्षयरोगी आरोग्यधामात राहणाऱ्याइतकाच बरा होतो. त्याच वर्षी बंगळुरात राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. त्या काळी अधिकारीवर्गात एक समज दृढ होता, की खेड्यातला माणूस अडाणी असतो, त्याला आपल्या रोगाची जाणीव नसते आणि तो दवाखान्याची पायरी चढत नाही. संस्थेतील डॉ. बॅनर्जी आणि अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत जाऊन क्षयरोग्यांना प्रत्यक्ष विचारले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत काय निघाले? बहुतेक सर्वांना आपल्या लक्षणांची जाणीव होती, आणि जवळजवळ निम्मे रोगी आपण होऊन आधुनिक औषधोपचाराच्या दवाखान्यात जाऊनही आलेले होते. तेथे त्यांना खोकल्याचे औषध देऊन वाटेला लावण्यात आले होते!

बंधुभगिनींनो, या निष्कर्षाचे मर्म आपण ध्यानी घ्यावे. रोगी आला होता. तो चालत आला होता, आपली मजुरी बुडवून आला होता. दाराशी बसलेल्या माणसाने त्याच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर थुंकीची तपासणी झाली असती, रोग सापडला असता, घरातील मुले वाचली असती. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने थुंकी तपासण्याची सोय सामान्य दवाखान्यात नेली, तीमागे याच विचारांचे बळ होते. परंतु सूक्ष्मदर्शक यंत्र गावात पोहोचविता येते. रोग्याकडे मान वर करून पाहण्याची सवय कोणत्या वाहनाने पोहोचवावयाची?

ती पोहोचविता येते, हे महाराष्ट्रातील दोन ठिकाणांनी सिद्ध करून दाखविले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला गेले. आज त्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर. तो दुष्काळी मुलूख. डॉक्टर टिकावयाचे नाहीत. आरोळ्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. त्यांतील कित्येक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, पोषण, स्वच्छता यांचे शिक्षण दिले. पण नुसते शिक्षण देऊन ते थांबले नाहीत. त्या बाईचे म्हणणे डॉक्टरने ऐकावयाचे, हा तेथील रिवाज झाला. जिला गावात कोणी विचारीत नव्हते, तिचा सल्ला घेण्यासाठी पाटलाच्या घरची सून येऊ लागली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे ठिकाण गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून तेथे काम आरंभिले. नवजात अर्भके घरीच दगावत होती आणि रुग्णालय दूर होते. त्यांनी गावातील जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. श्वास घुसमटलेल्या बाळाला श्वास देणे, ऊब देणे, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणे, हे सारे त्या करू लागल्या. जेथे त्या काम करीत होत्या अशा ३९ गावांची ४७ इतर गावांशी तुलना करण्यात आली. १९९९ साली 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ साली भारत सरकारने घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याची ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली.

या दोन्ही ठिकाणी जादू नव्हती. उतरंडीच्या तळाशी असलेल्या माणसावर विश्वास टाकला, त्याला काम शिकविले, आणि त्याचा शब्द मानला, एवढेच तेथे घडले. 'एवढेच' हा शब्द मी सहज वापरला. प्रत्यक्षात तेच सर्वांत अवघड आहे.

कारण देशव्यापी व्यवस्थेत आपण काय केले? २००५ पासून नेमलेल्या आशा कार्यकर्त्या आज सुमारे दहा लाख आहेत. कोरोनाच्या साथीत त्या दारोदार फिरल्या; २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण सरकारदप्तरी त्या 'स्वयंसेविका'. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. मान शब्दात आणि धन थोडके! २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्रात त्यांनी संप केला, आणि २०२५ च्या जानेवारीत याच बंगळुरात, फ्रीडम पार्कमध्ये, हजारोंच्या संख्येने त्या धरणे धरून बसल्या. जिच्या हाती आपण देशातील नवजात बाळ सोपवितो, तिला आपल्या हक्काच्या रुपयांसाठी थंडीत उघड्यावर बसावे लागते, तोवर व्यवस्था सुधारली असे आपल्याला कोणत्या तोंडाने म्हणता येईल?

आता रुग्णालयाच्या आत डोकावू. माझ्या नोकरीच्या काळात एका जिल्ह्याच्या गावच्या रुग्णालयात पाहिलेला एक प्रसंग सांगतो. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी एका वृद्ध शेतकऱ्याला टेबलावर घेतले होते. केसपेपरवर उजवी बाजू लिहिलेली, भिंतीवरील फळ्यावर डावी. तेथील तरुण परिचारिकेच्या हे लक्षात आले होते. पण आदल्याच आठवड्यात शंका विचारली म्हणून तिने सर्वांदेखत बोलणी खाल्ली होती. ती गप्प राहिली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून साफसफाईच्या मावशींनी कागदात डोकावणाऱ्या तिच्या नजरेचा अर्थ ओळखला आणि धीर करून त्या म्हणाल्या, "सायेब, ह्या बाबाचं दुखणं उजवीकडं हाय न्हवं?" क्षणभर शांतता पसरली. शस्त्रक्रिया योग्य बाजूची झाली. म्हातारा बरा होऊन घरी गेला. दोन दिवसांनी मावशींना लेखी समज देण्यात आली. कारण, 'शस्त्रक्रियागृहात अनावश्यक बोलणे'.

या सभेत विमानाच्या कारखान्यात काम केलेली मंडळी आहेत. विमान बाहेर काढण्यापूर्वी हत्यारांची मोजदाद होते. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही, आणि 'पाना सापडत नाही' असे सांगणाऱ्या कामगाराचे तोंड कोणी बंद करीत नाही. कारण सर्वांना ठाऊक असते, की तो बोलला नाही तर माणसे मरतील. हीच शिस्त शस्त्रक्रियागृहात आणण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने एक तपासयादी तयार केली. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. या यादीत महागडे यंत्र एकही नाही. चीर देण्यापूर्वी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम सांगावे, हे तिच्यातील एक कलम आहे. ज्याने एकदा आपले नाव मोठ्याने उच्चारले, त्याला पुढे शंका उच्चारणे सोपे जाते. मला तर हे कलम सर्व यादीचा प्राण वाटते.

आणि ज्यांच्याकडून आपण हे धैर्य अपेक्षितो, त्यांची सुरक्षितता? उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची कन्या अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कर्मचाऱ्याने तिच्यावर पाशवी हल्ला केला. त्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ पर्यंत, ती त्याच रुग्णालयाच्या एका खोलीत अचेतनप्राय पडून होती. ज्या व्यवस्थेने तिचे रक्षण केले नाही, त्याच व्यवस्थेतील परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी तिची अशी शुश्रूषा केली, की २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालपत्रात त्यांची वाखाणणी केली. एकाच छपराखाली कामाच्या ठिकाणचे अधमत्व आणि उदात्तत्व आपण पाहिले. आणि जवळजवळ एक्कावन्न वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरील एका तरुण डॉक्टर स्त्रीची अत्याचार करून हत्या झाली. विसाव्यासाठी वेगळी खोली नव्हती म्हणून ती सभाकक्षात पडली होती. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले. कायदे आहेत, अर्धशतक उलटूनही रात्रपाळीच्या स्त्रीला कडी लागणारे दार मात्र नाही.

तेव्हा सुधारलेल्या राष्ट्रीय आरोग्यव्यवस्थेकडून माझ्या अपेक्षा कोणत्या, हे थोडक्यात सांगतो.

पहिली अपेक्षा विश्रांतीची. निवासी डॉक्टरचे काम सामान्यतः दिवसाला बारा तासांहून आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक असू नये, असे केंद्र सरकारने १९९२ सालीच लिहून ठेवले आहे. ते पाळले जावे. छत्तीस तास जागलेल्या माणसाकडून करुणेची अपेक्षा करणे, हे रिकाम्या विहिरीत पोहरा सोडण्यासारखे आहे.

दुसरी अपेक्षा निर्भयतेची. ज्याला चूक दिसेल त्याला ती बोलता आली पाहिजे, मग तो हाती झाडू घेतलेला का असेना. बोलणाऱ्याला लेखी समज नव्हे, तर लेखी आभार मिळाले पाहिजेत.

तिसरी अपेक्षा समान संरक्षणाची. रुग्णालयातील कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ-ब आणि धनुर्वात यांची लस द्यावी, असा २०१६ चा नियम आहे. तो कंत्राटी सफाई कामगारापर्यंत पोहोचला की नाही, यावरून मी त्या रुग्णालयाची परीक्षा करीन. दर्शनी भागातील संगमरवरावरून नव्हे.

चौथी अपेक्षा भाषेची. रुग्णाला कळेल अशा भाषेत त्याचा रोग त्याला सांगितला जावा. आणि येथे आपल्यावरही एक जबाबदारी येते. आपण कर्नाटकाचे अन्न खातो. येथील परिचारिकेशी चार वाक्ये कन्नडमधून बोलता येणे, हे आपले कर्तव्य तर आहेच, शिवाय आजारपणात ते आपल्याच हिताचे आहे.

पाचवी अपेक्षा मात्र सरकारकडून नव्हे, आपणां रुग्णांकडून आणि नातलगांकडून आहे. १८९७ सालचा साथरोग कायदा, जो त्या प्लेगच्या वेळी केला गेला, त्याच्यात २०२० साली दुरुस्ती करावी लागली. कशासाठी? साथीत सेवा करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून! १८९७ साली लोकांना व्यवस्थेपासून संरक्षण हवे होते, २०२० साली व्यवस्थेतील माणसांना लोकांपासून. सव्वाशे वर्षांत बाजू बदलली; अविश्वास मात्र कायम राहिला. तो घालविण्याचे काम एकट्या कायद्याचे नव्हे.

या कामी आपल्या मंडळाला पुष्कळ करता येण्याजोगे आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसोबत रुग्णालयात बसणाऱ्यांची पाळी लावता येईल. रक्तदात्यांची यादी ठेवता येईल. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला, इमारतीच्या पहारेकऱ्याला जवळचे नम्म क्लिनिक कोठे आहे हे सांगता येईल, आणि त्यांच्यासमवेत एकदा जाताही येईल. आणि गणेशोत्सवात आपण ज्यांचा सत्कार करतो, त्या मान्यवरांच्या रांगेत एका वर्षी या वॉर्डातील आशाताईला आणि रुग्णालयातील सफाईच्या मावशींना बसविता येईल. शाल-श्रीफळाने त्यांचे पोट भरणार नाही, हे मी जाणतो. परंतु त्यांचे नाव ध्वनिक्षेपकावरून एकदा उच्चारले गेले, म्हणजे उद्या दवाखान्यात आपली मुले त्यांना 'ए बाई' म्हणणार नाहीत.

भोर समितीने रेखाटलेली व्यवस्था मी माझ्या हयातीत पूर्ण झालेली पाहीन की नाही, याचा मी विचार करीत नाही. जामखेड आणि गडचिरोली येथे तिचे अंकुर मी पाहिले आहेत, आणि जे तेथील खडकाळ रानात उगवले ते महादेवपुऱ्याच्या सुपीक मातीत उगवणार नाही, असे मानण्यास मला कारण दिसत नाही.